तीन मिनिटांची जागा

लिफ्ट बाविसाव्या मजल्यावरून खाली येत होती. माझ्या एका हातात पडद्यांच्या नमुन्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात मोजपट्टी. वरच्या बाईंनी मला तासभर सगळी कापडं उलगडायला लावली होती आणि शेवटी 'नवऱ्याला विचारून सांगते' म्हणाल्या होत्या. मी मनातल्या मनात त्या नवऱ्याची कीव करत आवंढा गिळला आणि उजव्या कानात बारीकसं चर्र झालं. बाटलीचं बूच निघावं तसं आत काहीतरी निघालं. मग आवाज आला. लिफ्टच्या दोरांची घरघर, पिशवीतल्या कागदाची कुरकुर, आणि कोपऱ्यात उभा असलेला इमारतीचा दरवान अम्म बिशीर, म्हणजे बिशीरकाका, नाकातल्या नाकात काही गुणगुणत होता ते गुणगुणणं, सगळं उजवीकडून. चार वर्षं जग माझ्या डाव्या बाजूलाच राहत होतं. उजवीकडे नुसता ओला कापूस होता. तळमजला आला, दार उघडलं, समोर कैरोतल्या माआदीचा रस्ता आपल्या नेहमीच्या भांडणांसकट उभा होता. मी उतरले नाही. "मदाम, तळमजला," अम्म बिशीर म्हणाला. मी म्हटलं, पुन्हा वर चला. "काही विसरलात का?" हो, म्हटलं. वर जाऊन आम्ही दारही न उघडता परत निघालो. खाली येताना कान पुन्हा दडपला, मी पुन्हा गिळलं, पुन्हा चर्र. मग आणखी एकदा. आणि आणखी एकदा. शेवटी म्हातारा वैतागला. "मदाम, आमच्या अस्वानकडे बायकांना झोके घ्यायचे असले की ईदेच्या जत्रेत जातात. लिफ्टमध्ये नाही बसत." "अम्म बिशीर, तुमचा आवाज किती गोड आहे," मी म्हटलं. "तो जन्मापासूनच आहे," तो म्हणाला आणि माझ्याकडे असं बघितलं की आता ही बाई चोऱ्या करायला आली आहे की वेडी आहे एवढंच ठरवायचं बाकी होतं.

इतरांना कान ऐकायला असतो, आमच्या धंद्यात कान हे दार असतं. पाण्यात उतरताना दर मीटरला पाणी कानाच्या पडद्यावर रेलत जातं. मग नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आतून हवा येते, पडदा सरळ होतो, कान उघडतो आणि आपण आणखी खाली जातो. कान उघडला नाही तर पैलवान असला तरी त्याने वरच बसायचं. मी अर्धं आयुष्य लोकांना हे शिकवण्यात घालवलं. तांबड्या समुद्रावरच्या मर्सा अलमहून सुटणाऱ्या बोटींवर मी वाटाडी होते. किनारा कुठूनही दिसत नाही अशा ठिकाणी, भर समुद्रात वर आलेल्या प्रवाळाच्या खडकांशी पाहुण्यांना खाली न्यायचं आणि जितके नेले तितके वर आणायचे, हे माझं काम. त्यातला अबू-किझान माझा लाडका. वर बशीएवढं प्रवाळ, त्याच्या मधोमध दीपस्तंभ, आणि चारी बाजूंनी निळ्यातून काळ्यात उतरत गेलेल्या भिंती. तिथे तीस-पस्तीस मीटरवर, हातापायांची हालचाल न करता तरंगत राहायचं आणि वाट बघायची. कधी काहीच येत नाही. कधी कानमुशींचा, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या त्या शार्क माशांचा, कळप येतो आणि आपण तिथे नाहीच अशा थाटात निघून जातो. मला माझ्या नसण्याचा एवढा आनंद दुसरीकडे कुठे झालेला नाही. तिथेच एका हिवाळ्यात सर्दी झालेली असताना गोळी घेऊन उतरले. आमच्यात सगळेच घेतात, ऐन मोसमात सर्दीला कोण विचारतं. गोळीचा अंमल तळाशी संपला, जाताना उघडलेलं दार येताना बंद झालं, आतली हवा फुगत गेली आणि पडदा फाटला. गार पाणी आत शिरलं आणि समुद्र गरगर फिरायला लागला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. माझा जोडीदार दसूकी, त्याने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि माझा हात ओढून माझ्याच बुडबुड्यांत धरला, की हे जातायत ते वर. बोटांमधून निसटत जाणारे ते बुडबुडे सोडले तर त्या दिवसाचं मला दुसरं काही आठवत नाही. पडदा पुढे भरून आला, दार मात्र गंजून बसलं. डॉक्टर म्हणाले, आता विसरा. कानाचा पडदा गेला म्हणून मी बहिणीच्या पडद्यांच्या दुकानात बसले. हा विनोद मी इतक्यांदा केला की बहिणीने त्यावर दुकानात बंदी घातली.

माझ्या नवऱ्याला, मुनीरला, मी लगेच काही बोलले नाही. संध्याकाळी आम्ही भाजीला निघालो, तो सवयीने माझ्या उजवीकडे आला. गाड्यांचे हॉर्न मला त्या बाजूने ऐकू येत नसत, म्हणून चार वर्षं तो तिथूनच चालत होता, वेळ पडली तर ओढायला. आणि मला त्याच्या चपलांचा आवाज आला. एक चप्पल फटफट करत होती, दुसरी करत नव्हती. माझ्या शेजारून एवढी वर्षं हा असा अर्धवट फटफटत चालला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला त्या चपलेवर इतकं प्रेम आलं की मी हसायला लागले. "मुनीर, तुझी डावी चप्पल सुटलीय." तो रस्त्याच्या मधोमध थांबला. "कुठल्या कानाने ऐकलंस?" त्याचं औषधांचं दुकान आहे, माणसं काय सांगत नाहीत ते ऐकणं हाच त्याचा धंदा. मागून एका टॅक्सीवाल्याने आम्हा दोघांच्या आयांचा उद्धार केला. फुटपाथवर चढल्यावर मुनीर म्हणाला, "नाही."

"मी काही विचारलं का?"

"विचारणार होतीस. उत्तर आधीच देऊन ठेवतो."

पण डॉक्टरांकडे मला घेऊन तोच गेला. डॉक्टर म्हणाले, दार किलकिलं झालंय, ढकलायचं नाही, दुखलं की मागे फिरायचं, आणि गोळी घेऊन उतरलात तर पुन्हा माझ्याकडे यायचं नाही. "गोळी माझ्या दुकानातून हिच्या दिशेने जाणार नाही," मुनीर म्हणाला. मी म्हटलं, कैरोत काय एकच दुकान आहे? "बाकीच्यांना फोन करीन." घरी आल्यावर मुलूखियाची पालेभाजी आणि भात जेवता जेवता त्याने तह मांडला. एकदाच जायचं. कान उघडला तर समुद्र, नाही उघडला तर पडदे, आणि मग माझं सगळं सामान दसूकीला देऊन टाकायचं आणि हा विषय या घरात कायमचा बंद. मी कबूल केलं. मला ते न्याय्य वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण गेली चार वर्षं मी 'जाता येत नाही' यावर जगले होते, 'कधीच नाही' यावर नव्हे. मग तो म्हणाला, "आणि मी बरोबर येतोय." मी हातातला चमचा खाली ठेवला. मुनीर समुद्रापासून लांबच्या असयूतचा. त्याला पोहता येत नाही. नाईलवरच्या होडीतसुद्धा तो मधोमध बसतो आणि दोन्ही हातांनी फळी धरतो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने मला पाण्यात कधी बघितलेलं नव्हतं. घरातून कोरडी बायको जायची, पंधरवड्याने कोरडीच परत यायची, मधलं सगळं त्याने माझ्या शब्दावर घेतलं होतं. किनारा जवळ आला आणि फोनला रेंज आली की त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, "आलीस का वर?" मी बोटीवर चहा पीत असले तरी तोच प्रश्न. त्याच्या मनात मी सदा कुठेतरी खोल काळोखात असायचे, आणि तो काठावर उभा. मी कधी त्याला समजावलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपली एक अशी जागा असावी जिथे नवऱ्याला नुसतं वाकून बघता येतं.

बोटीवर पाऊल ठेवलं आणि डिझेल, ओला रबर आणि तळलेल्या तामियाच्या वड्यांचा वास एकदम नाकात आला, तेव्हा मला कळलं की मी चार वर्षं नाकानेही बहिरी होते. बोटीचा रईस इदरीस. रईस म्हणजे आमच्याकडे तांडेल, मग खिशात दमडी का नसेना. "रावया, तू सुटलीस," तो म्हणाला. "पडदे खाऊन," मी म्हटलं. "आणि हा नवरा का?" हो. "उभा का राहत नाही?" राहील, बोट थांबली की. मुनीर मागच्या बाकावर डोळे मिटून, नारिंगी लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत आवळून बसला होता, आणि बोट अजून धक्क्यालाच बांधलेली होती. पुढे भर समुद्रात स्वयंपाकी अम्म फरागल्लाने त्याच्या हातात लिंबू आणि सुकी भाकरी दिली. औषधवाल्यालाही आमच्याकडे दुक्तूर, म्हणजे डॉक्टरच, म्हणतात. "दुक्तूर, लांब क्षितिजाकडे बघा. खाली बघू नका." "खाली माझी बायको जाणार आहे," मुनीर म्हणाला. "मग तर मुळीच बघू नका." दसूकी हे ऐकून मोठ्याने हसला. त्याची दाढी पांढरी झाली होती आणि त्याला ती शोभत होती. माझं सामान त्याने स्वतः तपासलं, पट्टे ओढून बघितले, टाकीची हवा हुंगून बघितली, जणू मी पहिल्यांदाच उतरणारी पाहुणी होते. मग म्हणाला, "वेडे, किनाऱ्याजवळ एवढी उथळ खाडी आहे, तिथे आधी कान बघितला असतास तर तुझं काय जाणार होतं?" मी म्हटलं, खाडीत माझं काही हरवलेलं नाही. त्याने माझा पट्टा आणखी एकदा ओढला. त्याने मला त्या दिवशी वर आणलं होतं, त्यामुळे तेवढं बोलायचा हक्क त्याला होता.

अबू-किझानला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दीपस्तंभावरच्या शिपायांसाठी आणलेली भाकरी, टोमॅटो आणि पुदिन्याच्या जुड्या रबरी होडीतून त्यांच्या धक्क्यावर गेल्या. प्रत्येक बोट हे करतेच, न केलं तर समुद्र तोंड फिरवतो असं रईस मानतो. वारा अजिबात नव्हता, म्हणून त्याने बोट खडकाच्या अगदी जवळ बांधली. दुसरा वाटाड्या पाहुण्यांना घेऊन उत्तरेच्या टोकाकडे गेला. कानमुशींच्या वाटेला. मी आणि दसूकी मागच्या शिडीशी बसून राहिलो. मुनीर बोट थांबल्यामुळे आता खरंच उभा होता आणि माझ्या उजव्या कानाकडे टक लावून बघत होता, दार उघडलेलं बाहेरून दिसतं अशी त्याची समजूत असावी. मी मास्क चढवला, तोंडात नळी घेतली आणि पाऊल पुढे टाकलं.

आधी पांढरा फेस, आणि मग तो गेला. समुद्राखाली शांतता असते असं जे म्हणतात त्यांनी डोकं कधी पाण्यात घातलेलं नसतं. खडक अखंड तडतडत असतो, मुलूखियाला लसूण-धण्याची फोडणी द्यावी तसा. ती तडतड मला दोन्ही कानांनी आली आणि मी श्वास घ्यायला विसरले, जे पाण्याखाली करू नये. दसूकीने मनगटाला हात लावून आठवण करून दिली. एक मीटर. नाक धरून फुंकलं, डावा उघडला, आणि थोडा विचार करून उजवाही. दोन. तिसऱ्याला उजवा अडला. मी वीतभर वर आले, जबडा डावीउजवीकडे हलवला, गिळलं, थांबले. दसूकी समोर हाताची घडी घालून तरंगत होता, त्याला जगात दुसरं काही काम नसल्यासारखा. मग चीं असा बारीक आवाज आला, लहान मूल झोपेत काढतं तसा, आणि कान उघडला. चार. पाच. पायांखाली भिंत सरळ खाली जात होती, तिच्या कडेने पाहुण्यांचे बुडबुडे लांबून वर येत होते, चंदेरी थाळ्या होत होत. मला माहीत होतं ते कुठून येत आहेत. तिथला गारवा, तिथला तो दुधाळ निळा अंधार, जिथे आपलं नाव, वय आणि दुकानाचा पत्ता सगळं वरच राहतं. मी आणखी थोडी खाली सरकले आणि दुखलं. कानात कोणी दाभण धरून ठेवावा तसं. वर आले, पुन्हा गेले, पुन्हा तिथेच दाभण. पाचाच्या खाली दार नव्हतं, भिंत होती. जोर लावून फुंकलं असतं तर कदाचित उघडलंही असतं. कदाचित. माझी चिमूट नाकावर होती आणि गाल फुगलेले होते, आणि मी दसूकीकडे बघितलं. त्याने मान हलवली नाही, हात केला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मला हाताच्या बोटांमधून निसटणारे ते बुडबुडे आठवले. मी चिमूट सोडली. पाचावर आले. मला रडू आलं. मास्कमध्ये रडणं गैरसोयीचं असतं, नाक पुसता येत नाही आणि बाहेरच्या खाऱ्या पाण्यापेक्षा आतलं जास्त त्रास देतं. मी मनात म्हटलं, झालं तर मग. पडदे.

आता पाच मीटर ही आमची कोणती जागा आहे ते सांगायला हवं. खोलवरून येणाऱ्याने वर जाण्याआधी पाच मीटरवर तीन मिनिटं लोंबकळत थांबायचं असतं, खाली असताना रक्तात मुरलेली हवा हळूहळू सुटावी म्हणून. ही बसस्टॉपची जागा आहे. इथे कोणी काही बघत नाही, घड्याळ बघतो. पाहुणे थंडीने काकडलेले असतात, वाटाड्याला पुढच्या उडीची घाई असते, आणि बोटीवरून कांदा परतल्याचा वास पाण्याखाली येतो असं वाटायला लागतं. तीन मिनिटं झाली की वाटाड्या अंगठा वर करतो. आमच्यात अंगठा म्हणजे 'वर चल', आणि त्यावर प्रश्न विचारायचा नसतो, अंगठा दिसला की निघायचं. तर मी तिथे मनातल्या मनात सगळं सामान दसूकीला देऊन टाकत होते, हे जॅकेट, हा मास्क, आणि तो शेजारी तरंगत होता. काही वेळ गेला. दसूकीने मनगट वळवून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंगठा वर केला. मीही अंगठा वर केला. आम्ही शिस्तीत, सावकाश, डोक्यावर एक हात धरून वर आलो, जसे हजारदा आलो होतो, आणि पाण्याबाहेर डोकी काढून एकमेकांकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. "आपण वर का आलो?" मी विचारलं. त्याने तोंडातली नळी काढली. "तीन मिनिटं झाली," तो म्हणाला, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून असा हसत सुटला की त्याच्या दाढीतून पाणी उडायला लागलं.

रईस धावत मागे आला. काय झालं, कान का? मला हसण्यामुळे बोलता येईना, खारं पाणी घशात गेलं. दसूकी म्हणाला, सवयीने आलो. "म्हणजे खाली पोचलाच नाहीत आणि वर आलात?" हो. "तुमची डोकी तपासायला हवीत, कान राहू देत," रईस म्हणाला. अम्म फरागल्ला स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावला. "माझा भात अजून चढला नाही, आणि हे आले जेवायला." मुनीर शिडीच्या वरच्या पायरीशी, दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. त्याला हसायचं की नाही ते कळत नव्हतं. "रावया, कान?" "उघडतो," मी म्हटलं. "किती खोल होतीस?" मी बोट दाखवलं. "तो पिवळा मासा दिसतोय ना खडकाच्या कडेला, त्याच्या जरा खाली." तो कठड्यावरून वाकला. पाणी इतकं स्वच्छ होतं की माशाची सावलीसुद्धा खडकावर पडलेली दिसत होती. "एवढंच?" त्याने टोमणा मारला नव्हता, तो खरोखरच चकित झाला होता. "एवढंच. याच्या खाली कान जात नाही." हे पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, आणि तेही ज्याला हे ऐकून सगळ्यात बरं वाटायला हवं होतं त्यालाच. पण त्याने सुटकेचा श्वास टाकला नाही. तो खाली त्या पिवळ्या माशाकडे बघत राहिला. मग विचारलं, "मग? पडदे?" टाकी भरलेली होती. मी नळी तोंडात घेतली.

दुसऱ्यांदा उतरताना कान तिसऱ्याला अडला, चौथ्याला अडला, आणि मला वाटलं की त्या मूर्खपणाच्या तीन मिनिटांवर मी माझी एकुलती एक संधी उधळली. एकदा उघडलेलं दार पुन्हा उघडेलच असं नसतं, हे मी दुसऱ्यांना किती वेळा सांगितलं होतं. मी लटकत राहिले. जबडा, आवंढा, वीतभर वर, वीतभर खाली. घाई करायची नाही असं कान सांगत होता आणि मला आयुष्यात पहिल्यांदा घाई नव्हती, कारण खाली जायचंच नव्हतं. मग चीं. पाच. आणि मी डोळे भिंतीकडे वळवले, खाली नव्हे, समोर.

लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो. थोडं खाली गेलं की तो तपकिरी होतो, आणखी खाली राखाडी, आणि ज्या गारव्यात मी माझी वर्षं काढली तिथे रक्तसुद्धा हिरवं दिसतं. मी माणसांना या लालातून झरझर खाली ओढत नेत होते आणि वर येताना त्याच्याकडे पाठ करून घड्याळ बघत होते. इथे सगळं लाल होतं. लाल, गुलाबी, केशरी, आणि त्यावर लाटांनी मोडलेलं ऊन हलत होतं. प्रवाळाच्या प्रत्येक फांदीतून केशरी मासोळ्यांचे थवे श्वासाबरोबर बाहेर येत आणि श्वासाबरोबर आत जात, माझ्याच श्वासाबरोबर. मी सोडला की त्या लपत, मी घेतला की येत. एक शिंपला निळे जाड ओठ उघडून बसला होता, माझी सावली पडली की मिटायचा, मग चोरून किलकिला व्हायचा. पट्ट्यापट्ट्यांचा एक सोहाल, आमच्या समुद्रातला सगळ्यात भांडकुदळ मासा, दोन हात जागेचा मालक होता, आणि दसूकीच्या पायांतले फिन्स त्या जागेत येत होते. तो येऊन धडक मारायचा, दसूकी सरकायचा, पुन्हा यायचा. शेवटी दसूकीने त्याला दोन्ही हात जोडले. मी इतकी हसले की मास्कमध्ये पाणी शिरलं. मी मास्क रिकामा केला आणि पुन्हा बघायला लागले. माझ्यात काही शहाणपण उतरलं नव्हतं. कानमुशींच्या वाटेचं दुःख तिथेच, पायांखाली, होतं, आणि आहे. पण आनंद त्याची परवानगी न घेता आला होता, पोटातून, लहानपणी अलेक्झांड्रियाच्या वाळूत पहिल्यांदा लाट अंगावर आली तेव्हा आला होता तसा निर्लज्ज. हवा पाचावर कितीतरी वेळ पुरते. पाहुणे खोलवरून आले, आमच्या शेजारी तीन मिनिटं लोंबकळले, मनगटं बघितली, अंगठे दाखवून गेले. त्यांना काय दिसलं ते मला विचारावंसंही वाटलं नाही. आम्ही तिथेच होतो.

मग एक सावली पडली. आधी मला वाटलं कासव असेल. वर बघितलं तर शिडीपाशी दोन बारीक, पांढरे, अगदी कोरड्या माणसाचे पाय पाण्यात लोंबत होते. त्यांच्या वर नारिंगी लाइफ जॅकेट, त्यावरून बोटीवर गेलेला एक दोर, पाण्यात खुपसलेला मास्क आणि पाण्याबाहेर निघालेली श्वासाची नळी. मुनीर. एका हाताने त्याने शिडीची पायरी अशी धरली होती की बोटांची पेरं इथून दिसत होती. तो मला शोधत होता. पण मी त्याच्या समोरच होते आणि तो मात्र थेट आपल्या पायांखाली, त्या काळ्या निळ्यात बघत होता, जिथे भिंत संपत नाही, जिथे इतकी वर्षं तो मला बघत आला होता. त्याचं डोकं सावकाश एकीकडून दुसरीकडे वळत होतं, बाजारात हरवलेलं माणूस शोधावं तसं. मला हाक मारता येईना. मी अंगठीने टाकीवर ठण ठण वाजवलं. पाण्यात आवाज कुठून आला ते कळत नाही. तो दचकला, मागे वळला, खाली बघितलं, पुन्हा खाली, आणि मग कुठे त्याची मान जराशी वर झाली आणि काचेतून त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. इतक्या वर. त्याच्या हाताला जवळजवळ लागेल इतक्या. मी दोन्ही हात पसरून माझ्या मागची ती सगळी लाल भिंत त्याला दाखवली, घर दाखवावं तशी. त्याला आमच्या खुणा येत नाहीत, म्हणून त्याने मोकळा हात नुसता हलवला, खिडकीतून हलवतात तसा. मी सावकाश हात हलवला. आम्ही बराच वेळ असे बघत राहिलो. मग मुनीरने दुसराही हात शिडीवरून काढला.